टेकडीवरच्या दोन वाट्या

मुलगी बघण्याचा कार्यक्रम टेकडीवर करायचा, ही कल्पना माझी. हे आधीच सांगते, कारण नंतर आमच्या घरात सगळ्यांनी सगळं खापर तिथल्या एका कलाकृतीवर फोडलं. ती बिचारी लोखंडाची आणि फायबरची. तिला कुणीही काहीही बोलावं.

इंदिरानगरातल्या आमच्या हॉलमध्ये असे कार्यक्रम आधी बरेच झाले होते. सोफ्यावर अनोळखी माणसं, बशांत पोहे आणि "हे तूच केलेस का?" हा प्रश्न. पोहे नेहमी आई करायची आणि मी नेहमी हो म्हणायचे. पण खरा कार्यक्रम पाहुणे गेल्यावर सुरू व्हायचा. दार लागायचं, आई पंखा मोठा करायची, बाबा सोफ्यावर मांडी घालून बसायचे आणि आत्या म्हणायची, "हं, आता बोला." मग मुलाचं टक्कल, त्याच्या बहिणीचं नाक, वडिलांची सारखी पँट वर ओढायची सवय, सगळं निघायचं. बाबा नकला छान करतात. बँकेतून साहेब म्हणून निवृत्त झालेला हा माणूस बाहेर इतका अदबीने बोलतो की सोसायटीत भांडण झालं तर मिटवायला त्यांनाच बोलावतात. घरात मात्र आम्ही त्यांच्यामुळे पोट धरून हसायचो. मीही हसायचे. आमच्या घरातली ती सगळ्यात मजेची वेळ असायची, हे आता लिहिताना लाज वाटते.

यावेळी मुलगा मीच शोधला होता. ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये भेटलेला, सायखेड्याचा, अंबडच्या एका कारखान्यात इंजिनिअर. वडील तो शाळेत असतानाच गेले. गोदाकाठची द्राक्षबाग आईने एकटीने सांभाळली. आमचं दोघांचं ठरलं होतं. मोठ्यांनी एकमेकांना भेटून हो म्हणायचं, एवढंच उरलं होतं आणि मला भीती त्याचीच होती. त्याच्या आईला आमच्या हॉलमध्ये बसवायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं. त्या गेल्यावर लागणारं ते दार मला नको होतं.

त्याच सुमारास ती कलाकृती आमच्या जिल्ह्यात आली. ट्रकवर लादून गावोगाव फिरणारं काहीतरी आहे, शहरात मुक्काम करत नाही, उजाड जागा शोधून तिथे काही आठवडे राहतं आणि पुढे जातं, एवढंच आम्हाला ग्रुपवर कळलं. आता मुक्काम नांदगावकडच्या एका टेकडीवर होता. नाशिक म्हटलं की लोकांना धुकं आणि धबधबे आठवतात. आमच्या पूर्वेकडचा भाग कुणी फोटोत घेत नाही. पाऊस तिकडे पोचेपर्यंत दमलेला असतो. ती टेकडी म्हणजे काळा खडक, वाळलेलं गवत, निवडुंग आणि वर थेट आभाळ. झाड नावाला नाही. आम्ही ट्रेकवाले तिला लाडाने 'आपलं वाळवंट' म्हणतो. कलाकृती आल्यावर ग्रुपातल्या निम्म्या लोकांचे डीपी तिथले झाले.

मी म्हटलं, आपण सगळे तिथेच भेटू. मोकळी हवा, सहल होईल, कुणाला अवघडल्यासारखं होणार नाही. आत्या म्हणाली, "मुलगी दाखवायला डोंगर चढलेलं कधी ऐकलं नाही बाई." बाबांना मात्र कल्पना आवडली. त्यांना नवीन विचारांचं व्हायला आवडतं.

फेब्रुवारी होता, तरी ऊन चांगलंच तापलं होतं. आम्ही चौघं गाडीतून उतरलो तेव्हा ती दोघं आधीच येऊन थांबली होती, द्राक्षांच्या पिकअपसकट. त्याच्या आईला मी काकू म्हणते. काकू बुटक्या, काळ्यासावळ्या, अंगाने काटक. हिरवं नऊवारी नेसलेल्या, पायात मुलाचे जुने स्पोर्ट्सचे बूट. बाबांनी वाकून नमस्कार केला. "ताई, तुमच्या कष्टांबद्दल फार ऐकलंय. तुमच्यासारख्या माणसांपुढे आम्ही कोण?" काकू मोठ्याने हसल्या. हसल्या की त्यांचे मिशरीने काळे झालेले दात आणि हिरड्या दिसतात. मी झटकन आत्याकडे बघितलं. आत्या दातांकडेच बघत होती.

चढ फार नाही, पण काकूंनी वाटेत एकदा थांबून विचारलं, "वर देव कोणचा हाय?"

"देव नाही, काकू."

"मग चढायचं कशापायी?"

याचं उत्तर ट्रेक करणाऱ्या कुणालाच आजवर नीट देता आलेलं नाही. मी म्हटलं, "असंच. बघायला." त्या म्हणाल्या, "बरं. बघू."

वर पोचलो. मोकळ्या पठारावर दोन प्रचंड वाट्या उभ्या केल्या होत्या, माणसाच्या दुपटीने उंच, पांढऱ्या, खोलगट पोट एकमेकींकडे करून. मध्ये एवढं अंतर की या वाटीतून त्या वाटीतल्या माणसाला हाक मारायची तर ओरडावं लागावं. प्रत्येक वाटीच्या पोटासमोर बसायला दगडी ओटा. वाट्यांची वरची कड पुढे झुकलेली, त्यामुळे आत सावली होती. सगळ्या टेकडीवर सावली तेवढीच. माहिती सांगायला तिथे एक मुलगी असते म्हणे, पण ती जेवायला खाली गेली होती. फलक होता. बाबांनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. 'मानवी संवादाच्या शक्यतांचा शोध घेणारा खुला अवकाश', 'मौनाची आणि उच्चाराची सीमारेषा' असं बरंच काही लिहिलं होतं. त्या वाट्या करतात काय, हे तेवढं लिहायचं राहिलं होतं. बाबा म्हणाले, "वा. संकल्पना सखोल आहे."

पाण्याचा जार पिकअपमध्येच राहिला होता. तो आणायला 'हे', म्हणजे ज्याच्याशी माझं लग्न व्हायचं तो, उड्या मारत खाली गेला. मग अशा कार्यक्रमात जे होतं ते आपोआप झालं. काकू मला म्हणाल्या, "तू ये माझ्यासंगं, जरा बोलू आपण." आणि बाबा म्हणाले, "हो, हो, तुम्ही दोघी निवांत बोला. आम्ही तिकडे सावलीत बसतो." मुलाच्या आईने मुलीला बाजूला घ्यायचं आणि मुलीकडच्यांनी तेवढ्यात आपापसात बोलून घ्यायचं, ही रीतच आहे. आम्ही दोघी एका वाटीत बसलो आणि आई, बाबा, आत्या पलीकडच्या वाटीत.

काकूंनी पिशवीतून द्राक्षांचा घड काढला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. "फवारा नाय मारलेला. घरच्यासाठी वायली ओळ ठेवते मी." मी एक मणी तोंडात टाकला, पलीकडे ती तिघं टेकली आणि तेवढ्यात अगदी मानेजवळ आईचा आवाज आला, "अगं बाई, ऊन काय आहे हे."

आई मागे येऊन उभी आहे असंच वाटलं. मी वळून बघितलं. मागे वाटीची पांढरी भिंत. समोर लांबवर तीन माणसं, बाहुल्यांएवढी, आई पदराने वारा घेत होती. मला लगेच कळलं, तिकडचं बोलणं या वाटीत येत होतं. काकूंनाही कळलं. त्यांचे डोळे लहान मुलीसारखे मोठे झाले.

मी ताडकन उठून ओट्यापासून बाजूला झाले. "काकू, चला ना, तिकडच्या कड्यावरून रेल्वेचा रूळ दिसतो. मालगाडी दिसेल."

"बस गं. गंमत तर हाय." त्यांनी उठून माझा हात धरला आणि मला पुन्हा ओट्यावर बसवलं.

मग आत्याचा आवाज. "हं, आता बोला."

"वहिनी, दात बघितलेत का? मिशरी लावतात. चार लोकांत विहीण म्हणून ओळख करून द्यायची म्हणजे..."

आई हसली. ते तिचं नेहमीचं हसणं, तोंडावर हात ठेवून.

आणि मग बाबा. आवाज किती स्वच्छ आला! शेजारी बसून समजूत काढावी तसा. "अरे, बाईला काय करायचंय आपल्याला? अंगठेबहाद्दर आहे. मुलगा सोन्यासारखा आहे, तो इकडेच राहणार. साखरपुड्याला वगैरे तिला जरा मागे ठेवू. आणि ती काय, आज आहे, उद्या नाही. बाग तर कुठे पळून जात नाही."

मग त्यांनी काकूंची नक्कल केली. "वर देव कोणचा हाय?" हुबेहूब.

मी काकूंकडे बघितलं नाही. हातातल्या द्राक्षांकडे बघत राहिले. ओरडून "बाबा, ऐकू येतंय" म्हणावं एवढंही मला सुचलं नाही. नंतर पुष्कळ वेळा मी ते वाक्य मनात म्हटलं आहे. खरं म्हणजे ओरडायचीही गरज नव्हती, पुटपुटले असते तरी पोचलं असतं.

शेवटी काकूंनीच तोंड उघडलं. रागाने नाही, हळूच, फोनवर कुणाला सांगावं तसं त्या म्हणाल्या, "समदं ऐकू येतंय, भाऊ."

लांबवर बाबा उभे राहिले. नुसते उभे राहिले. आई आणि आत्या तशाच बसून होत्या.

तो पाणी घेऊन आला तेव्हा काही झालंच नाही असं आम्ही सगळे वागलो. यात आमच्या घराचा हात कुणी धरणार नाही. बाबांनी काकूंना पाण्याचा पेला दिला, पण बघितलं त्यांच्या खांद्याकडे. काकू बोलत होत्या, द्राक्षं वाटत होत्या, पण बोलताना पदर तोंडावर धरत होत्या. सकाळपासून त्यांनी तसं एकदाही केलं नव्हतं. त्याने मला हळूच विचारलं, "आईची दाढ दुखतेय का?" मी म्हटलं, "माहीत नाही."

घरी येताना गाडीत चांदवडजवळ आत्या म्हणाली, "असली कसली मेली कला! लोकांचं खाजगी बोलणं चव्हाट्यावर आणणारी." तेवढं निमित्त मिळालं आणि बाबा सुटले. सार्वजनिक जागी असं काही उभारायचं तर ठळक सूचना नको का? हा खाजगीपणाचा भंग आहे. ते तक्रार करणार होते. कुणाकडे करायची यावर लासलगाव फाट्यापर्यंत चर्चा झाली. मी खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं होतं, एकदा तरी कुणी म्हणेल की आपण काय बोललो. कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

त्याला मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई मला काहीच बोलली नाही." मला वाटलं, संपलं. काकूंकडून नकार येणार आणि तो योग्यच असणार. पण त्या आठवड्यात काकूंचा स्वतःचा फोन आला, बाबांच्या मोबाईलवर. बाबांनी चुकून स्पीकर दाबला, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "भाऊ, पोर पसंत हाय. तुमचं काय ते कळवा."

बाबांचा चेहरा पडला. नकार आला असता तर ते सुटले असते, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. ते म्हणाले, "हो ताई, कळवतो. एकदा पत्रिका बघून घेतो."

आमच्या घरात पत्रिका कुणाचीच नाही. माझी काढलेलीच नाही. पत्रिका मागणाऱ्या स्थळांची बाबांनी केलेली नक्कल तर सगळ्यात गाजलेली. आणि तेच बाबा दोन दिवसांनी गॅलरीत जाऊन, दार ओढून घेऊन, फोनवर सांगून आले की पत्रिका जुळत नाही. आपल्याकडे याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो.

मी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडले. "तुम्हाला मुलगा सोन्यासारखा वाटत होता ना? मग आता काय झालं?"

बाबा सोफ्याच्या कडेवर बसले होते. "तुला कळत नाही," ते म्हणाले. "दर सणाला ती बाई समोर येणार. बारशाला येणार. मी कुठे बघू?"

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. ज्या बाईला दुखवलं तिनेच हो म्हटलं होतं, आणि आमचा मोठेपणा असा की आम्ही तिला नकार कळवला.

रविवारी मी एकटीच सायखेड्याला गेले. त्याला सांगितलं नव्हतं. काकू बागेत होत्या, खुडणी चालू होती. मला बघून त्यांनी बायकांना हाका मारून काम वाटून दिलं आणि बांधावर येऊन बसल्या. मी वाटेत ठरवून आलेलं सगळं घडाघडा बोलले. बाबांच्या वतीने माफी मागते, पत्रिका वगैरे काही नाही, बाबा मनाने वाईट नाहीत.

त्यांनी ऐकून घेतलं. "तुझा बाप घरात बोलतेत तसं बोलला," त्या म्हणाल्या. "त्यात काय? मी बी माझ्या पोराला म्हणले व्हते, पोरगी लय वाळकी हाय, बाळंतपण कसं काढंल. तुमच्या वाटीत गेलं आसंल तर माहीत नाय." मी हसले. मला इतकं हलकं वाटलं की रडू आलं.

मग त्या म्हणाल्या, "पण तुझं येक मला लागलं."

"माझं?"

"तुझ्या आयचा आवाज आला, ऊन काय हाय म्हणून. कोणी अजून वाकडं बोललं बी नव्हतं. तवाच तू मला उठवाया लागलीस. मालगाडी बघू म्हणं." त्या माझ्याकडे बघत होत्या, पदर तोंडावर होता. "तुला ठावं व्हतं, आता काय बोलणार ते. आन बापाला गप कर म्हणायचं सोडून तू मलाच उठवीत व्हतीस."

काकू खुडणाऱ्या बायकांकडे बघून ओरडल्या, "आगं दांडा धरून ठिवा, मण्याला हात लावू नका!" आणि मग मला म्हणाल्या, "लगीन कर. पोराचा जीव हाय तुझ्यावर. मी काय, सांगायचं ते सांगितलं. जेवून जा."

जेवले. त्यांनी वाढलेलं सगळं संपवलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं की लग्न होणार आहे, रजिस्टर पद्धतीने, आणि त्यांनी याबद्दल काही बोलू नये. त्यांनी फक्त विचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, घरात बोलतात तसं बोललात."

काकूंनी शिव्या दिल्या असत्या तर बाबांना सोसलं असतं. ते उठून आतल्या खोलीत गेले आणि जेवायलाही बाहेर आले नाहीत.

लग्न आता पुढच्या आठवड्यात आहे. आई साड्या काढून बसते. आत्या येणार आहे. तिला काही विशेष घडल्यासारखं वाटतच नाही. बाबांचा गुडघा दुखायला लागला आहे. आधी थोडा, मग जिना उतरवत नाही इतका. आई म्हणते, रजिस्ट्रार ऑफिसात तर बसूनच काम आहे. ते म्हणतात, बघू. नकला त्यांनी बंद केल्या आहेत. त्या बंद झाल्यापासून आमच्याकडे जेवताना बोलायला विषयच नसतो.

काल संध्याकाळी मी त्यांना चहा द्यायला गेले. कप हातात घेऊन ते खिडकीकडे बघत म्हणाले, "मी नाही आलो, तर त्यांना जरा बरं वाटेल का गं?"

काकू तर रोज फोनवर विचारतात, "भाऊंचा गुडघा कसा हाय?" त्यांनी बाबांसाठी सफारीचं कापड घेऊन ठेवलं आहे. हे बाबांना सांगायला हवं होतं. ते तेवढ्याचीच वाट बघत होते, हेही मला दिसत होतं.

मी म्हणाले, "हो. त्यांना बरं वाटेल."

बाबांनी मान हलवली आणि चहा प्यायले.